गाडीच्या पुढच्या ‘काचे’ला काच समजू नका

साताऱ्यात काय, सांगलीत काय, बुलेटला किंवा लांब पल्ल्याच्या गाडीला हँडलच्या पुढं लावलेल्या त्या पारदर्शक भागाला, म्हणजे विंडशील्डला, सगळे ‘काच’च म्हणतात. दुकानदार म्हणतो, मेकॅनिकही म्हणतो. नाव काचेचं पडलं म्हणून मग वागणूकही काचेचीच मिळते. कोरडं फडकं, रद्दीचा पेपर, आरसे पुसायचा निळा स्प्रे. पण ती काच नसते, प्लॅस्टिक असतं, आणि या तिन्ही गोष्टींनी ते खराब होतं. महामार्गावर उडालेल्या खडीनं पडत नाहीत इतके चरे पंपावर पेट्रोल भरताना सहज मारलेल्या कोरड्या फडक्यानं पडतात.

म्हणून या लेखातला मोठा भाग धुण्याचा आहे. पॉलिश नंतर येतं, आणि ज्याचं धुणं नीट आहे त्याला ते वर्षातून एखाद वेळेस लागलं तर लागतं.

आधी प्लॅस्टिक कोणतं ते बघा

बाजारात दोन जाती आहेत, पॉलीकार्बोनेट आणि ॲक्रिलिक. पॉलीकार्बोनेट चिवट असतं. दगड लागला तरी सहसा फुटत नाही, वाकवलं तर लवतं. पण त्याचा पृष्ठभाग मऊ, लगेच चरे पडतात. त्यामुळं चांगल्या विंडशील्डवर कारखान्यातच एक पातळ, कडक, पारदर्शक थर चढवलेला असतो. ॲक्रिलिकचं उलटं. पृष्ठभाग थोडा कडक, घासून पॉलिश केला तर सुंदर चकाकतो, पण स्वभाव ठिसूळ. स्क्रू जास्त आवळला की भोकापासून तडा जातो.

ओळखायचं कसं? खालच्या कडेला, रबराच्या पट्टीखाली किंवा ब्रॅकेटमागं बारीक कोरलेली अक्षरं शोधा. ‘पीसी’ असेल तर पॉलीकार्बोनेट, ‘पीएमएमए’ असेल तर ॲक्रिलिक. अक्षरं नसतील तर खोक्यावर किंवा पावतीवर बघा, नाहीतर जिथून घेतली त्याला विचारा. कोपरा जाळून वासावरून ओळखायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकून सोडून द्या.

थर आहे की नाही हे जास्त महत्त्वाचं. ब्रॅकेटखाली झाकली जाणारी एखादी जागा निवडा. तिथं रुपयाच्या नाण्याएवढ्या भागावर प्लॅस्टिक पॉलिशचा थेंब घेऊन अर्धा मिनिट घासा, पुसा, आणि उजेडात तिरकं धरून बघा. जागा आजूबाजूसारखीच किंवा जास्त स्वच्छ दिसली तर ठीक. धुरकट झाली, किंवा तिथं कडा असलेला डाग उमटला, तर थर आहे आणि तुमचं पॉलिश त्याला खातंय. अशा काचेवर फक्त धुणं आणि मेण, बाकी काही नाही.

आपल्याकडची घाण कशी असते

हे कळलं की निम्मं काम सोपं होतं, कारण प्रत्येक डागाचा इलाज वेगळा आहे.

कास, ठोसेघर, महाबळेश्वरच्या बाजूला जांभ्याची तांबडी धूळ बसते. दिसायला पिठासारखी, पण बोटांत चोळली तर कणकण लागते. हीच ती चरे पाडणारी. गाळप हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, कारखान्यांच्या भागात काळी राख उडते. ती हलकी असते, फुंकरीनं जाईल असं वाटतं, पण दवात भिजली की चिकटते आणि पुसायला गेलं की काळे फराटे ओढते. तासगाव, मिरजेकडं ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांतून ट्रॅक्टरचे ब्लोअर चालू असतात. वारा रस्त्याच्या दिशेनं असला की बोर्डोचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या औषधाचे, निळसर-पांढरे ठिपके काचेवर येतात. त्यात चुना असतो, आणि चुन्यासारखी अल्कधर्मी वस्तू पॉलीकार्बोनेटवर फार काळ राहू देणं चांगलं नाही. घरी गेल्यावर त्याच दिवशी धुवा.

किडे तर बारा महिने. पण पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कृष्णेच्या काठानं किंवा उसातून जाणाऱ्या रस्त्यानं अर्धा तास गाडी चालवली की काच ठिपक्यांनी भरते. किड्याच्या अंगातला द्रव वाळला की डिंकासारखा धरून बसतो. दोन दिवस उन्हात राहिला तर खरवडल्याशिवाय निघत नाही, आणि खरवडलं की चरा आलाच.

उरलं पाणी. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली आणि तशीच वाळू दिली, की काचेवर पांढऱ्या गोल कडा राहतात. ही घाण आपण स्वतः, स्वच्छ करता करता लावलेली असते.

धुणं

लागणारं सामान थोडं आहे. पाच-पाच लिटरच्या दोन बादल्या, गाडीचा शाम्पू (नसेल तर लहान मुलांचा), एक तांब्या, 300 जीएसएमच्या वरचे मायक्रोफायबरचे तीन फडके आणि फिल्टरचं एक लिटर पाणी. तीन फडके अशासाठी की धुण्याचा, वाळवण्याचा आणि पॉलिशचा वेगळा असावा. शिवण असलेली, लेबल लावलेली फडकी घेऊ नका. लेबल असेल तर कात्रीनं काढा. ओढून तोडलं तर टोकदार धागा राहतो.

गाडी सावलीत लावा आणि काच थंड होऊ द्या. हाताची पालथी बाजू लावून बघा, कोमट लागली तरी थांबा. गरम काचेवर शाम्पू पुसण्याआधीच वाळतो. मीटरवर आणि चावीच्या जागेवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा.

एका बादलीत दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण 10 मिलि शाम्पू घाला. दुसरीत साधं पाणी. पण फडकं अजून हातात घ्यायचं नाही. आधी तांब्यानं वरच्या कडेपासून पाणी सोडा, सावकाश, दोन-तीन मिनिटं, आतून आणि बाहेरून. पाइप असेल तर तोंड दाबून जोराचा फवारा मारू नका, नुसतं वाहू द्या. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनखाली द्यायची असेल तर किमान हातभर अंतर ठेवायला सांगा आणि कडेच्या रबरावर मारू देऊ नका. तिथं आणखी एक धोका असतो. इंजिनचं ग्रीस काढायला काही जण डिझेल मारतात, त्याचे तुषार काचेवर येतात. “दादा, काचेवर डिझेल नको, आणि कोरडं फडकं नको,” एवढं गाडी देतानाच सांगावं. कुणी वाईट वाटून घेत नाही.

धूळ वाहून गेली, आता किडे. एक फडकं भिजवून, न पिळता, निथळत असतानाच काचेवर पसरा आणि तळव्यानं दाबून चिकटवा. दहा ते पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. मध्ये वाळायला लागलं तर वरून तांब्याभर पाणी टाका. मग फडकं घासायचं नाही, वरच्या दोन कोपऱ्यांना धरून साल काढल्यासारखं हळू खाली सोलायचं. बहुतेक किडे फडक्याबरोबर येतात, काचेवर फक्त पिवळसर ओलसर खुणा राहतात आणि त्या पुढं शाम्पूनं जातात. एखादा हट्टी राहिलाच तर परत दहा मिनिटं. नख नको, भांड्याची घासणी तर नकोच, हिरवी असो वा पिवळी.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. अंगठी आणि घड्याळ काढा, हात शाम्पूच्या पाण्यात बुडवा आणि उघड्या तळव्यानं काच हळू चाचपा, दुसऱ्या हातानं वरून पाणी सोडत. बोटांना जे कळतं ते फडक्याला कळत नाही. कुठं कण लागला तर बोटाच्या गुबगुबीत भागानं तो पाण्याबरोबर खाली जाऊ द्या. सगळी काच साबणासारखी बुळबुळीत लागली की मगच फडकं उचलायचं.

फडकं शाम्पूत बुडवा आणि वरून खाली सरळ ओढा. गोल गोल नाही. याला कारण आहे. कितीही जपलं तरी बारीक रेषा पडतातच. सरळ उभ्या रेषा डोळ्याला सहसा जाणवत नाहीत, पण गोल रेषा रात्री समोरच्या गाडीचा उजेड पकडतात. खंबाटकी उतरताना समोर ट्रकचे दिवे आले आणि प्रत्येक दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखं चमकणारं कडं दिसलं, तर ती काच कुणीतरी वर्षभर गोल गोल पुसलेली आहे. दोन-तीन ओढींनंतर फडकं साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून घ्या, मग पुन्हा शाम्पूत. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद.

शेवटी भरपूर साधं पाणी, आणि सगळ्यात शेवटी फिल्टरचं ते एक लिटर वरून सावकाश. त्यात क्षार कमी असल्यानं वाळल्यावर डाग पडत नाहीत. पावसाळ्यात पागोळीचं पाणी सुरुवातीचा अर्धा तास सोडून धरलं तर तेही चालतं. वाळवताना फडकं काचेवर पसरून नुसतं टिपायचं.

क्षारांचे जुने पांढरे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, फडकं भिजवून पाच मिनिटं डागावर ठेवा आणि भरपूर पाण्यानं धुवा. क्रोमवर ओघळू देऊ नका. लिंबू चालेल का, असं विचारतात. चालतं, पण त्याचा गर आणि बिया गाळून घ्या, नाहीतर फडक्यात अडकतात.

चरा किती खोल आहे

काच कोरडी झाल्यावर उन्हाच्या दिशेला धरा आणि नख आडवं फिरवा. नखाला काहीच लागलं नाही तर नुसतं पॉलिश पुरेल. नख किंचित अडलं तर वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा बारीक सँडपेपर, लागेल. नख रुतलं तर तो चरा पूर्ण जाणार नाही. घालवायच्या नादात तिथं खड्डा होईल आणि त्यातून रस्ता वाकडा दिसेल, जुन्या खिडकीच्या काचेतून दिसतो तसा.

आणि चऱ्यासारखं दिसणारं पण चरा नसलेलं एक प्रकरण असतं. उजेडात तिरकं बघितलं की चांदीच्या तारांसारखं बारीक जाळं चमकतं, हात फिरवला तर काहीच लागत नाही. या प्लॅस्टिकच्या आत गेलेल्या सूक्ष्म भेगा. पेट्रोल, थिनर, अमोनिया असलेला काच-स्प्रे, किंवा स्क्रूभोवतीचा ताण, यांपैकी कशानंतरी आलेल्या. त्यावर पॉलिश नाही, औषध नाही. काच बदलायची.

पॉलिश

प्लॅस्टिकसाठीचंच पॉलिश घ्या. मेग्वायर्सचं प्लास्टएक्स मिळतं, नोव्हसच्या 1, 2, 3 नंबरच्या बाटल्या ऑनलाइन मिळतात. नोव्हसमध्ये 1 नंबर म्हणजे स्वच्छ करून चकाकी देणारं, 2 बारीक चऱ्यांसाठी, 3 मोठ्या चऱ्यांसाठी. 3 वापरलं तर त्यावर 2 आणि मग 1 वापरावंच लागतं. पेंटचं रबिंग कंपाऊंड स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. ते या कामाला जाडं आहे.

काच गाडीवरून काढून जाड चादरीवर ठेवली तर उत्तम. काढायची नसेल तर टाकीवर जुनी चादर टाका आणि कडेच्या रबराला मास्किंग टेप लावा, नाहीतर पांढरं पॉलिश रबरात जाऊन वाळतं.

वीतभर लांब-रुंद तुकडा एका वेळी. फडक्यावर एक रुपयाच्या नाण्याएवढं पॉलिश, जास्त नको. मध्यम दाबानं आधी उभं, मग आडवं, दीड-दोन मिनिटं. पॉलिश सुकत आलं आणि हलकी पावडर दिसू लागली की थांबा आणि फडक्याच्या स्वच्छ बाजूनं उचलून घ्या. पूर्ण वाळेपर्यंत घासत राहिलात तर तीच पावडर चरे पाडते. एका तुकड्याला दोनदा, फार तर तीनदा. तेवढ्यानं फरक पडला नाही तर चौथ्यांदाही पडणार नाही.

ड्रिल मशीनला स्पंज लावून करायची घाई नवख्यानं करू नये. करायचंच ठरवलं तर वेग मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास, स्पंज ओला, आणि एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि घर्षणानं तिथवर जायला फार वेळ लागत नाही. मऊ पडलं की स्पंज त्याला ओढतो, आणि तो फराटा नंतर निघत नाही. मधून मधून हात लावा. चहाच्या कपासारखं गरम लागलं तर मशीन खाली ठेवा.

वॉटर पेपर

हे फक्त थर नसलेल्या काचेसाठी. आणि ज्या काचेतून आरपार बघत गाडी चालवता तिच्या डोळ्यासमोरच्या भागावर शक्यतो नाहीच. तसं पाहिलं तर विंडशील्डची वरची कड नाकाच्या रेषेत असावी आणि रस्ता तिच्या वरून दिसावा. तशी बसवलेली असेल तर थोडी धुरकट काचही फार त्रास देत नाही, आणि पेपर मारायची वेळ बऱ्याचदा येतच नाही.

नंबर 1000, 1500, 2000 आणि 3000, प्रत्येकी एक कागद. चरा जरा जास्त असेल तर 800 पासून, त्याखाली नाही. सगळे कागद पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात शाम्पूचे चार थेंब. कागद बोटाखाली धरू नका, बोटांच्या दाबानं चर पडतात. स्पंजच्या चपट्या तुकड्याला गुंडाळा.

1000 नंबर उभा चालवा, चऱ्याच्या चारी बाजूंना साधारण चार बोटं जास्त घेऊन, म्हणजे खोलगटपणा एका जागी साचणार नाही. दुधासारखं पांढरं पाणी सुटेल, ते सतत धुवत राहा. तीन-चार मिनिटांनी काच सारखी पांढुरकी झालेली दिसली पाहिजे. इथं नवखा माणूस हमखास घाबरतो. घाबरू नका, ती अशीच दिसते. पुसून, कोरडी करून बघा, मूळ चरा अजून दिसतोय का. दिसत असेल तर पुढं जायचं नाही.

मग पाणी बदला, काच धुवा आणि 1500 आडवा चालवा. 1000 च्या उभ्या रेषा पूर्ण गेल्या की तो संपला. 2000 पुन्हा उभा, 3000 पुन्हा आडवा. दिशा बदलायची ती एवढ्यासाठीच, आधीच्या कागदाची रेष राहिली की लगेच ओळखू येते. घाईत एखादा नंबर गाळला तर त्या रेषा शेवटच्या पॉलिशनंतर उन्हात दिसतात, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. 3000 नंतर काच हलकी दुधाळ दिसेल. त्यावर वर सांगितलेलं पॉलिश, आधी जाडं मग बारीक.

पॉलीकार्बोनेटचा थर आधीच सोलत आला असेल, कांद्याच्या पातीसारखे पापुद्रे सुटत असतील, तर अर्धा ठेवून अर्धा काढता येत नाही. पूर्ण काढलात तर वरचा पिवळेपणा जाईल, काच दिसेलही छान. पण उन्हापासून वाचवणारं काही उरलं नाही, ती पुन्हा पिवळी पडेल. एवढी मेहनत नव्या काचेच्या किमतीशी आधी ताडून बघा.

मेण, आणि काय लावू नये

धुतलेल्या, कोरड्या काचेवर गाडीचं साधं कार्नोबा मेण नाण्याएवढं लावा, पाच मिनिटांनी पुसा. बाटलीवर ‘क्लीनर’ लिहिलेलं नसावं, त्यात घासणारे कण असतात. दीड-दोन महिन्यांतून एकदा पुरे. मेण असलेल्या काचेवरचे किडे निम्म्या वेळात सुटतात. पावसाचं पाणी घसरवणारं लिक्विड घ्यायचं असेल तर प्लॅस्टिकसाठी असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. चारचाकीच्या खऱ्या काचेचं वेगळं असतं.

टूथपेस्टनं घासायचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेले असतात. तिच्यात घासणारे कण असतात हे खरं, पण ते दातांसाठी. किती जाड, किती सारखे, याची काही खात्री नाही, आणि थर असलेल्या काचेवर ती सरळ धुरकटपणा आणते. खोबरेल किंवा रॉकेल लावलं तर एक दिवस चकाकी येते, दुसऱ्या दिवशी महामार्गावरची सगळी धूळ तिथं मुक्कामाला. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, ब्रेक ऑइल यांचा थेंबही नको. साखळीला स्प्रे मारताना काचेवर फडकं टाका. ॲक्रिलिकला अल्कोहोल असलेलं सॅनिटायझरही चालत नाही. स्टिकरचा डिंक कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून अंगठ्यानं गोळ्या करत काढा. वेळ लागतो, पण काही बिघडत नाही.

परत बसवताना

बहुतेक काचा मेल्या त्या इथं. प्रत्येक स्क्रूखाली रबर किंवा नायलॉनचा वॉशर असलाच पाहिजे. जुना कडक झाला असेल तर नवा घाला, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे. सगळे स्क्रू आधी हातानं अर्धे बसवा, काच सरळ आहे का बघा, मग समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा. वॉशर किंचित दबला की थांबायचं. पान्यावर जोर द्यायची सवय इंजिनसाठी ठेवा. थरथरीनं स्क्रू ढिले होतात म्हणून थ्रेडलॉकर लावतात, तो पॉलीकार्बोनेटला लागला की काही दिवसांत भोकाभोवती तारे फुटतात. त्याऐवजी नायलॉनचा लॉकनट वापरा.

भोकापासून निघालेला तडा बोटभर असेल तर त्याच्या अगदी टोकाला 2 ते 3 मिमीचं भोक सावकाश पाडून तो तात्पुरता थांबवता येतो. टोक नेमकं सापडलं पाहिजे, उजेडात तिरकं बघा. भोकाची कड बारीक पेपरनं गोल करा. दौऱ्याआधी मात्र काच बदलाच.

बसवून झाल्यावर पन्नासेक किलोमीटर फिरून आलात की स्क्रू एकदा हातानं तपासा. झाकण घालायचं असेल तर धुतलेल्या गाडीवरच घाला. धुळीच्या काचेवर रात्रभर वाऱ्यानं हलणारं कव्हर म्हणजे आठ तासांचा वॉटर पेपर. आणि ती तीन फडकी वेगळी, साध्या साबणानं धुवा, कपडे मऊ करायचं लिक्विड न घालता, आणि सावलीत वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवा.